मामाजींचा जीव आणला तो रविवार

आधीच सांगून टाकते — असले अनुभव मी वाचते ते हसायला. आपोआप उघडणारं दार, मागून येणारा आवाज, पांढऱ्या साडीतली बाई... डबे खाऊन झाले की आमच्या सेक्शनमध्ये मी मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही चौघीजणी पोट धरून हसतो. मी नवा रायपुरला मंत्रालयात आहे, आवक-जावक बघते. ज्या कागदावर शिक्का नाही तो कागद आलाच नाही, असं मानायची अठरा वर्षांची सवय. त्यामुळे माझ्यासारखीला हे लिहावं लागतंय याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतोय. पण माझी मुलगी तन्वी म्हणाली, "मम्मी, लिख डालो ना, वरना किचन में बड़बड़ाती रहोगी." म्हणून बसले लिहायला.

आम्ही गोंड. मूळचे देवरीकडचे, गोंदिया जिल्हा. माझे सासरे — मी त्यांना मामाजी म्हणायची — रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कामाला लागले आणि रायपूरचे झाले. आमच्या घरात बोलतात मराठी, बाहेर हिंदी, आणि गोंडी उरली आहे ती सासूबाईंच्या दोन-चार गाण्यांत. नवरा राजेंद्र सरकारी इंजिनिअर, रस्ते-नाल्यांचे नकाशे बघतो. त्याच्या नोकरीपायी सहा वर्षांपूर्वी आम्ही रायपूरमधलं भाड्याचं घर सोडून नवा रायपुरला, सेक्टर सत्तावीसमध्ये, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जायचं नाही. पलीकडे माणूस असतो कुठं म्हणा!

फ्लॅटमधला एक कोपरा सासूबाईंचा. किचनला लागून नकाशात वॉशिंग मशीनची जागा होती, तिथं त्यांनी आल्या दिवशीच देव आणि पूर्वज मांडले. मातीचा दिवा, तांदळाचं मडकं, मोराची पिसं. मशीन बाल्कनीत ऊनपाऊस खातं. राजेंद्रच्या ऑफिसचं कोणी आलं की तो हळूच ते दार ओढून घेतो. कोणी विचारलंच तर म्हणतो, "स्टोअर है." सासूबाई ऐकतात आणि काही बोलत नाहीत. मीही बोलत नव्हते, कारण खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं.

मामाजी गेले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तीन दिवस दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या. तेरवी आम्ही चारचौघांसारखी केली — हॉल, मोठा फोटो, पुरी-भाजी, ऑफिसची मंडळी. सासूबाई कोणा परक्याच्या कार्यक्रमाला आल्यासारख्या खुर्चीवर बसून होत्या. सगळे गेल्यावर राजेंद्रला म्हणाल्या, "झालं तुमचं? आता तुह्या बाबाले घरी कवा आणून राहिला?"

हे समजावून सांगावं लागेल. आमच्या घरची रीत अशी, की माणूस गेला की त्याचा जीव पाण्याशी थांबतो. मुलानं पाण्यात उतरून त्याला नाव घेऊन, मोठ्यानं, तीनदा बोलवायचं. मग कापड पाण्यात धरायचं. त्यात पहिला जो जीव येईल — मासा, झिंगा, खेकडा, साधा पाणकिडा का असेना — तो लोट्यात घालून घरी आणायचा. लोटा सुनेनं धरायचा. घरी पोचेपर्यंत तिनं बोलायचं नाही, लोटा कुठं टेकवायचा नाही. दारात बसलेली घरची म्हातारी विचारते, "कोण आलं?" मुलगा म्हणतो, "बाबा आले." लोटा पूर्वजांच्या जागी ठेवायचा, सगळ्यांनी मिळून भात खायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीव परत पाण्यात सोडायचा. बस, एवढंच. पण हे होईपर्यंत मागे राहिलेल्या बायकोनं भाताला हात लावायचा नाही.

राजेंद्र म्हणाला, "आई, विधानसभेचं अधिवेशन चालू आहे, सुट्ट्या बंद आहेत. अन् गावचा नाला आता कोरडा पडला असन. पावसाळ्यात जाऊ नं!"

सासूबाई "हव" म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. आणि ताटातला भात बाजूला सारला.

भात नाही म्हटल्यावर पोळी खाईल, असं आम्ही समजलो. कशाचं काय! दोन दिवसांनी पोळीही सुटली. "घशाखाली उतरत नाही वं," म्हणायच्या. चहा, चार घोट ताक, केळाचा अर्धा तुकडा. भात सोडल्याच्या नवव्या दिवशी बाथरूमच्या दारात कोसळल्या. डॉक्टर घरी आले, बीपी बघून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की दोन दिवसांत पोटात अन्न गेलं नाही तर ॲडमिट करावंच लागेल, या वयात किडनी धोक्यात येते. सासूबाईंनी ते ऐकलं. "मी त्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही. तिथंच तो माह्यापासून हरवला," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई हट्टानं मरेल आणि आपण अधिवेशन-अधिवेशन करत बसू.

त्यांच्या पायाशी बसून मी विचारलं, "आई, गावचंच पाणी पाहिजे का?"

"पाणी कोणतंही चालते. बोलावता आलं पाहिजे."

असं म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सकाळी आठला मी आणि राजेंद्र निघालो. नवा रायपुरच्या सेक्टरांच्या मध्ये जुनी गावं तशीच राहून गेली आहेत, त्यांतल्या एका गावाच्या तलावावर गेलो. आता त्याला कठडा आहे, फिरायला ट्रॅक आहे आणि "मछली पकड़ना मना है" अशी पाटी. लोकांची ये-जा चालू होती, बूट, हेडफोन, पाण्याच्या बाटल्या. राजेंद्रनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, मामाजींचं जुनं धोतर खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या उतरून पाण्यात गेला. मी काठावर पितळी लोटा घेऊन उभी.

त्यानं धोतर पाण्यात धरलं. पाच मिनिटं... दहा मिनिटं. प्लास्टिकचा एक पुडा आला, शेवाळ आलं. मग माझ्या लक्षात आलं, की याच्या तोंडातून आवाजच निघत नाहीये.

"अहो, बोलवा नं!"

"बोलवून राहिलो."

"कुठं? मले तर काही ऐकू येऊन नाही राहिलं."

"मनातल्या मनात."

"मनातल्या मनात बोलावलं तर कोणी येते काय? तुमच्या मीटिंगले तरी कोणी येईल काय असं?"

तो मान वर करणार तेवढ्यात ट्रॅकवरून हाक आली, "अरे साहब! कुछ गिर गया क्या?" त्याच्याच ऑफिसातले एक गृहस्थ, बायकोसकट. राजेंद्रनं धोतराचा बोळा करून काखेत दाबला आणि हसत म्हणाला, "हाँ... चाबी." ते गृहस्थ बिचारे वाकून चाबी शोधायला लागले! दहा मिनिटं शोधली. मी त्या पायऱ्यांवर लोटा पदराखाली लपवून उभी होते. राजेंद्रचा राग येत होता, आणि लोटा लपवणाऱ्या माझ्या हाताचाही.

दीड तास गेला. एक साधा किडाही आला नाही. गाडीत येऊन बसलो तर तन्वीचा फोन. आवाज रडवेला. "पापा, दादी दरवाज़े पे जाके बैठ गई हैं. चक्कर आ रहा है, फिर भी हट नहीं रहीं. पूछ रही हैं कितना टाइम."

"निकल गए बेटा," राजेंद्र म्हणाला. गाडी सुरू केली आणि घराच्या उलट्या दिशेला वळवली.

रायपूरमध्ये तेलीबांधाला एका गल्लीत रंगीत माशांचं दुकान आहे, काचेच्या टाक्या लावलेलं. गाडी तिथं थांबली तेव्हा मला उमगलं. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. बापाच्या जागी दुकानातला मासा? लाज कशी वाटत नाही? तो ऐकत राहिला. मग ओल्या पॅन्टनं तसाच स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "सुनंदा, तिले जेवू घालायचं आहे की नाही? मग सांग, दुसरं काय करू?"

मी "चला" म्हटलं. हे लिहायचं मी टाळणार होते, पण मीच म्हटलं.

पुढचं नीट वाचा, कारण मी हे स्वतःलाही शंभरदा सांगून बघितलंय. आम्ही एक काळा मासा घेतला, ब्लॅक मोली म्हणतात त्याला, बोटाच्या दोन पेरांएवढा. रंगीत माशांपैकी तोच त्यातल्या त्यात गावचा वाटेल, असा राजेंद्रचा हिशोब. दुकानदारानं तो पारदर्शक पिशवीत पाणी घालून दिला आणि बजावलं, "दीदी, इसको तालाब के पानी में मत डालना, मर जाएगी." लोट्यात मी तलावाचं पाणी भरून घेतलं होतं. ते फुटपाथच्या कडेला ओतलं. लोटा उलटा करून झटकला, पदरानं आतून पुसला. मग पिशवी त्यात रिकामी केली. पाणी पडलं, मासा पडला. एक मासा. आवक-जावक करणारी बाई आहे मी, वस्तू हातातून गेली की मोजते. लोट्याच्या तोंडावर कोरं पांढरं कापड टाकून मीच सुतळीनं तीन फेरे बांधले.

आणि गाडीत बसल्यावर माझं तोंड बंद झालं. खोटा मासा, मग मौन कशाला पाळायचं? पण मांडीवर लोटा आला आणि शब्दच फुटेना. राजेंद्र आपला बोलत होता. बाबांना हे पटलं असतं, आईचं समाधान महत्त्वाचं, पावसाळ्यात गावी जाऊन सगळं रीतसर करू... त्याचं त्यालाच समजावणं चाललं होतं. रस्ता रिकामा, डोक्यावर लख्ख ऊन, एसी चालू.

अर्ध्या रस्त्यात लोटा वाजला.

टक्. पितळेवर नख मारल्यासारखा. मी म्हटलं, खड्डा असेल. पण त्या रस्त्याला खड्डा नसतो हो! मग पुन्हा... टक्, टक्. माझ्या तळव्यांना आतून धक्का लागला. ती दोन पेरांची मऊ मासोळी, ती काय ठोसे मारणार! आणि लोटा जड वाटायला लागला. थोडाथोडका नाही, मांडीला रग लागली, दोन्ही हातांनी धरावा लागला.

राजेंद्र बोलायचा थांबला.

"ते... वाजून राहिलं काय?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं गाडी कडेला घेतली. मागे-पुढे एकही गाडी नाही. दोघं त्या लोट्याकडे बघत बसलो. पुन्हा वाजला. कापड आतून किंचित उचललं गेलं आणि खाली बसलं.

"सोड, पाहू दे," म्हणत त्यानं सुतळीला हात घातला. मी त्याच्या हातावर फटका मारला. लग्नाच्या सतरा वर्षांत मी नवऱ्यावर हात उचलला नव्हता. त्यानं हात मागे घेतला आणि गाडी सुरू केली. स्टिअरिंगवरचे त्याचे हात थरथरत होते, ते मला दिसत होते.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी भेटल्या. "क्या लाए भाभी, प्रसाद?" मी मान हलवली. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. माझे खांदे भरून आले होते आणि डोक्यात एकच चाललं होतं — आता सासूबाई कापड सोडणार, आत दुकानातली काळी गुळगुळीत मासोळी बघणार, आणि यानंतर ही बाई आमच्या हातचं पाणीही पिणार नाही.

दार उघडं होतं. उंबरठ्याला पाठ टेकून सासूबाई बसल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तन्वी मागून त्यांना धरून होती. मी लोटा घेऊन समोर उभी राहिले.

"कोण आलं?" सासूबाईंनी विचारलं.

राजेंद्र माझ्याकडे बघायला लागला.

"राजू, कोण आलं?"

मला वाटलं, हा आता सगळं सांगून टाकणार. "बाबा..." आवाज फाटला. "बाबा आले."

सासूबाईंनी माझ्या हातातल्या लोट्याची सुतळी सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. मी डोळे मिटून घेतले. तन्वीनं मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं असावं, कारण पहिला आवाज तिचा आला.

"मम्मी... दो हैं."

मी डोळे उघडले. काळी मोली वर, काठाशी तरंगत होती. आणि तिच्या खाली, तळाला गोल वेढा घालून, दुसरा. बोटभर लांब, राखाडी, अंगावर काळपट पट्टा, तोंडाला मिश्या. टेंगना. ज्यांनी नाल्यात मासे धरले आहेत त्यांना माहीत आहे, त्याचा काटा टोकदार असतो. त्यानं शेपटी हाणली आणि लोटा वाजला, टक्.

राजेंद्रनं दाराची चौकट धरली.

सासूबाई मात्र हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा. आत वाकून त्या माशालाच म्हणाल्या, "आला काय? अन् एकटा नाहीच आला! जलमभर जेवायच्या वेळी कोणाले तरी धरून आणलं, आजही आणलं. बरं, या आता." मग मला म्हणाल्या, "सुनंदा, भात टाक. दोन मुठी जास्त घे."

त्या दिवशी सासूबाईंनी दोनदा भात मागून घेतला. मी वाढत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, भीतीचं की आनंदाचं ते विचारू नका. राजेंद्रच्या ताटातला पहिला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंगना तलावात सोडला. मोलीला सासूबाईंनी सोडू दिलं नाही. "पाहुणा आहे, राहू दे," म्हणाल्या. ती तन्वीच्या टेबलावर काचेच्या भांड्यात आहे.

मी गप्प बसणारी नाही. सोमवारी हाफ डे टाकून दुकानात गेले. टेंगना ठेवता का, विचारलं. तो हसायला लागला, "दीदी, टेंगना रखूँगा तो बाकी सब को खा जाएगा." पिशवी पारदर्शक होती, मी उन्हात धरून बघितली होती. लोटा पुसला होता. कापड मी बांधलं, सासूबाईंनी सोडलं, मधे कोणी हात लावला नाही. तन्वीच्या मोबाईलमध्ये फोटो आहे, त्यातही दोनच आहेत. राजेंद्रनं मुद्दाम आईसाठी दुसरा मासा आणून टाकला असेल, असा संशय मी घेतला, नाही असं नाही. पण त्या रस्त्यावर त्याचे हात मी बघितले होते.

चौथ्या दिवशी राजेंद्रला राहवलं नाही. सकाळची वेळ होती. सासूबाई फरशीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. तो त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला.

"आई, मी तुह्याशी खोटं बोललो. तो मासा... मी दुकानातून आणला होता."

"काळा नं?" त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "मले दिसलं. असा गुळगुळीत मासा नाल्यात वाढत नाही."

"मंग तू जेवली काहून?"

"दुसराही दुकानातलाच होता काय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"तुह्याच्यानं हाक मारली जात नाही, लोकं पाहतात म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे मले माहीत होतं, अन् तुह्या बाबालेही माहीत होतं. पोट्टा लाजते, म्हणून बिनबोलावता आला तो."

राजेंद्र तिथंच सुपाशेजारी वाकला आणि आईच्या मांडीत डोकं घालून "बाबा... बाबा..." करत मोठमोठ्यानं रडायला लागला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. एवढ्या मोठ्यानं, की खालच्या भाभींचा इंटरकॉमवर फोन आला. "सब ठीक है ना? क्या हुआ?"

मी फोन हातात धरून उभी होते. काय झालं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही.